नदीची साप्ताहिक सुट्टी

कर्जतला आमच्या शेजारी पोस्टमास्तरांचं बिऱ्हाड होतं. मी रोज सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या बसने रसायनीला जाते आणि संध्याकाळी परत येते, त्या मधल्या वेळात नेमकं काय करते, याची त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, फार उत्सुकता. एकदा पापड लाटताना त्यांनी विचारलंच. मी सांगितलं, पातळ पदार्थ कसे वाहतात त्याचं गणित मांडते. वहिनींचं लाटणं जरा थांबलं. "अगं, उताराकडेच ना?" त्या म्हणाल्या.

तीस वर्षांत माझ्या विषयाचा इतका नेमका सारांश एकाही तज्ज्ञाला जमला नाही. परिषदा झाल्या, परदेशी पाहुणे येऊन गेले, मीही जाडजूड अहवाल लिहिले. त्या सगळ्यांतून शेवटी निघालं ते हेच, की बहुतेक गोष्टी उताराकडे वाहतात आणि ज्या वाहत नाहीत त्यांच्यासाठी एक समिती नेमावी लागते.

तरीही थोडं समजावून सांगते, नाहीतर या अंकाचे संपादक म्हणतील, बाईंनी पानं घेतली आणि विषय सांगितलाच नाही. पाणी तसं सरळमार्गी. अडचण येते ती ना धड पातळ ना धड घट्ट अशा वस्तूंची. पिठलं घ्या. ढवळत राहिलात तर मुकाट्याने वाहतं, हात थांबला की थिजून बसतं. भिंतीच्या रंगाकडून तर आपली अपेक्षा अशी, की ब्रशखाली त्याने पाण्यासारखं पातळ व्हावं आणि भिंतीवर गेल्यावर मात्र ओघळू नये. माणसांकडून आपण इतकी समज मागत नाही. अशा पदार्थांना शास्त्रात भारदस्त नावं आहेत; ती उच्चारली की समोरचा गप्प बसतो, एवढाच त्यांचा उपयोग. असा पदार्थ नळीतून किती जोराने ढकलला तर किती वेळात पलीकडे पोचेल, हे तो प्रत्यक्ष न ढकलता कागदावर सांगायचं, हा माझा धंदा.

धंद्यात शिरले तेव्हा माझ्या नेमणूकपत्रावर हुद्दा टंकलेला होता 'कॉम्प्युटर'. खोटं नाही सांगत. गणितात एम.एस्सी. झालेल्या आम्ही दोन मुली दिवसभर हाताने फिरवायच्या यंत्रावर गुणाकार-भागाकार करत बसत असू. कर्र कर्र आवाज करत ते यंत्र उत्तर काढी आणि आम्ही ते तक्त्यात भरत असू. पुढे मुंबईला खरा कॉम्प्युटर आला. त्याने आमचं काम तर घेतलंच, नावसुद्धा घेतलं. मला मग 'संशोधक' म्हणायला लागले, कारण दुसरं काही सुचेना.

कारखान्याचं नाव सांगत नाही. तो आता राहिलेलाही नाही. कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं आम्ही करत होतो. आमच्या संशोधन विभागाचे मुख्य होते डॉ. घारपुरे. ते परदेशातून डॉक्टर होऊन आलेले, आणि हे कोणी विसरू नये म्हणून भर उन्हाळ्यातही टाय बांधणारे. माणूस वाईट नव्हता. कुठल्याही प्रश्नाला दोन बाजू असतात असं त्यांचं मत होतं, आणि त्यांतली कोणती बाजू वरिष्ठांची हे त्यांना आधीच कळलेलं असे.

दुसरा माणूस धर्मा. प्रयोगशाळेत तो शिपाई, हमाल, मिस्त्री आणि वेळप्रसंगी वैज्ञानिकसुद्धा होता. पगार मात्र पहिल्या पदाचा. त्याचं गाव कारखान्याच्या खालच्या अंगाला, पाताळगंगेच्या काठीच. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा, पण मी त्याला एकेरी हाक मारत असे आणि तो मला बाई म्हणे. कारखान्याची रीत तशी होती. ती मला कधी खटकली नाही, हे आज खटकतं.

आमच्या ज्ञानाची पातळी कळावी म्हणून एक प्रसंग सांगते. रंगाचा एक दाट लगदा एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नळीने जायचा, तो एका वळणावर अडून बसला. घारपुरे साहेबांनी काम माझ्याकडे दिलं. मी अठरा दिवस यंत्र फिरवलं आणि निष्कर्ष काढला, की वळणापाशी नळीला ठराविक अंतराने हादरा दिल्यास लगदा पातळ होऊन पुढे सरकेल. अहवाल घेऊन खाली गेले, तर धर्मा आणि दोन कामगार लाकडी मोगरीने त्या वळणावर ठोकत होते आणि लगदा खुशाल वाहत होता. पहिल्या दिवसापासून ठोकत होते म्हणे. त्या अहवालाबद्दल मला बढती मिळाली. मोगरी आहे त्याच जागी राहिली.

पण लगद्याचं जाऊ द्या. मला लिहायचं आहे ते नदीबद्दल.

कारखान्याने नवा विभाग काढला तेव्हा त्याचं सांडपाणी कुठे सोडायचं असा प्रश्न आला. सोय म्हणाल तर कुंपणाला लागूनच नदीचं वळण होतं. पाईप तिथे सोडला की काम झालं. पण त्या वळणाच्या खाली दीड-दोन मैलांवर धर्माचं गाव. गावाला तेव्हा नळ नव्हते. उन्हाळ्यात बायका नदीच्या वाळूत खड्डे खणत, त्यांत झिरपून येणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरत. या खड्ड्यांना तिकडे डवरे म्हणतात. वरच्या वाडीत एक विहीर होती, पण ती अर्ध्या कोसावर. गावाने अर्ज केला, की पाईप टाकायचा तर गावाच्या खाली नेऊन टाका. मागणी साधी होती. आता साध्या मागणीचं काय करायचं हे कोणालाच कळेना, तेव्हा घारपुरे साहेबांनी जाहीर केलं, की याचा निर्णय विज्ञान करील. आमच्याकडे विज्ञान म्हणजे मी.

तर हा हिशेब असा असतो. नदीचे लांबीत तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात वरून किती पाणी आलं, खाली किती गेलं, त्यात घाण किती मिसळली, हे एकापुढे एक मांडत जायचं. कर्जतमधले समस्त गवळी रोज सकाळी दुधाच्या बाबतीत हाच हिशेब करत. त्यांना फक्त त्याला समीकरण म्हणता येत नव्हतं. सगळं अवलंबून असतं नदीत पाणी किती यावर. पाणी भरपूर असेल तर घाण विरून जाते आणि कागदावर तर फारच छान विरते.

नदीतलं पाणी मोजायचं काम सावंत नावाच्या कारकुनाकडे होतं. पुलाच्या खांबावर फुटपट्टीसारख्या रेघा रंगवलेल्या होत्या. रोज सकाळी सावंतांनी तिथे जाऊन पाणी कितव्या रेघेवर आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. वही मी बघितली आणि माझं मन भरून आलं. मोत्यासारखं अक्षर, वर्षभरात एकही चौकट रिकामी नाही, कुठे खाडाखोड नाही. असा माणूस मिळायला नशीब लागतं, असं मी घारपुरे साहेबांना बोलूनही दाखवलं.

मुंबईच्या कॉम्प्युटरला हे आकडे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर द्यावे लागत. एका ओळीला एक कार्ड. दोन डबे भरून कार्डं घेऊन मी मुंबईला जाई, तिथल्या खिडकीत देई आणि पुढच्या आठवड्यात उत्तर आणायला जाई. उत्तर बहुधा असं असे, की सदतिसाव्या ओळीत स्वल्पविराम राहिला आहे. त्यात आमच्याकडचे दिवस पावसाचे. हवेने कार्डं फुगत आणि यंत्रात अडकत. धर्मा ती आमच्या वाळवायच्या भट्टीत मंद आचेवर ठेवून कोरडी करून देई. त्याच भट्टीत तो सुकटही वाळवत असे, हे मला मुंबईच्या खिडकीतल्या बाईंनी नाक धरल्यावर कळलं.

असे दोन महिने गेले आणि उत्तर आलं: वळणावर सोडलेलं सांडपाणी अर्ध्या मैलाच्या आत पूर्ण मिसळतं; गावापाशी पोचेपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. नकाशे, आलेख, तक्ते घालून मी अहवाल लिहिला. खाली सही केली. सही झोकदार होती.

अहवालाची पानं धर्मा दोऱ्याने शिवत होता. त्याने एक नकाशा उलटा-सुलटा करून बघितला. मग खाली मान घालून दोरा ओढत म्हणाला, "बाई, तुमच्या हिशोबात आयतवार हाय का?"

मी म्हटलं, "धर्मा, नदीला साप्ताहिक सुट्टी नसते."

शेजारच्या टेबलावरचे हसले. मलाही माझं बोलणं फार आवडलं. जिभेला धार असण्याचा हा एक तोटा असतो: ती चालली की माणसाला वाटतं, उत्तर दिलं. धर्माने गाठ मारली, उरलेला दोरा दाताने तोडला आणि अहवाल माझ्यापुढे ठेवला.

पाईप वळणावर टाकला गेला. त्यानंतर पावसाळा आला आणि नदी दुथडी भरून वाहिली. हिवाळाही बरा गेला. चैत्र लागल्यावर एका सोमवारी धर्मा कामावर उशिरा आला, आणि आल्या आल्या खोकल्याच्या औषधाची एक बाटली माझ्या टेबलावर ठेवली. आत तांबूस पाणी होतं. त्याच्या आईच्या डवऱ्यातलं. तो म्हणाला, म्हशी तोंड लावत नाहीत, पोरांच्या अंगाला खाज सुटली आहे, आणि हे दर सोमवारचं आहे. आवाज चढवला नाही. मी बाटली तपासली. रंग आमचाच होता. आमच्या त्या नव्या विभागाशिवाय तो रंग जिल्ह्यात कोणी करत नव्हतं.

मी सावंतांची वही परत काढली. या वेळी जरा वेगळ्या नजरेने बघितली. दर रविवारचा आकडा आणि त्याच्या आदल्या शनिवारचा आकडा एकच. बावन्न आठवडे. एवढी शिस्त कुठल्याच नदीला नसते. सावंतांना विचारलं तर ते जराही गडबडले नाहीत. त्यांनी मला विचारलं, की रविवारी पुलावर कोण जाणार? आणि चौकट रिकामी ठेवली तर साहेब ओरडतात. सोमवारी आलं की शनिवारचा आकडा रविवारी लिहायचा, ही रीत त्यांच्या आधीच्या कारकुनापासून चालत आली होती. त्यांनी ती फक्त चांगल्या अक्षरात पाळली होती.

पुढच्या रविवारी मी कर्जतहून एस.टी.ने चौकला आले, तिथून दुसरी गाडी धरून धर्माच्या गावी गेले. धर्मा मला काठाकाठाने वर वळणापर्यंत घेऊन गेला. नदी नव्हतीच. दगड होते, वाळू होती, मधून मधून डबकी होती आणि त्यांना जोडणारी पाण्याची एक बारीक धार. चपला हातात घेऊन मी पलीकडच्या काठावर जाऊन आले, घोटाही बुडाला नाही. वळणावर आमचा पाईप मात्र सुट्टी न घेता वाहत होता. त्याच्याखाली तांबडं डबकं साठलं होतं, निवांत.

"ही आमची आयतवारची नदी," धर्मा म्हणाला.

हे कसं होतं ते मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. उन्हाळ्यात या नदीत जे पाणी असतं ते वर खोपोलीच्या वीजघरातून येतं. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी नळांतून खाली येतं, चाकं फिरवतं आणि नदीत पडतं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत. रविवारी गिरण्या बंद, म्हणून विजेला मागणी कमी, म्हणून चाकं बंद, म्हणून पाणी नाही. आणि हे मला पाळण्यातून ठाऊक असायला हवं होतं. माझे वडील भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होते. मी तिथल्या वसाहतीत वाढले. रविवारी यंत्रांची घरघर मंद व्हायची, वडील घरी असायचे, आणि आम्ही सगळी मुलं वीजघराच्या कालव्यात उतरून गुडघाभर पाण्यात मासे धरायचो. इतर दिवशी त्या कालव्याच्या जवळ गेलं तरी आई पाठीत धपाटा घालायची. मला हे माहीत होतं. बाराखडी येण्याच्या आधीपासून माहीत होतं. पण ते मी नोकरीला लागण्याच्या आधीचं होतं, म्हणून ते माहिती या सदरात मोडत नव्हतं. मला त्या वाळूत उभं राहून इतकी लाज वाटली, की धर्माकडे बघवेना.

सोमवारी मी घारपुरे साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, की आठवड्याची सरासरी काढली तर प्रमाण मर्यादेतच बसतं. मी म्हटलं, "साहेब, सरासरी काढली तर कर्जतला बाराही महिने रिमझिम पाऊस पडतो." त्यांना ते आवडलं नाही. अहवाल वरपर्यंत पोचला आहे, त्यावर माझीच सही आहे, आणि पुरवणी टिपण लिहायचं तर मी खुशाल लिहावं, असं त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. ते फायलीत गेलं. फायली कशा वाहतात यावर अजून कोणी संशोधन केलेलं नाही.

गावाने मात्र पुन्हा अर्ज केला, या वेळी सरकारकडे. तीन जणांची समिती आली. बुधवारी. बुधवारी नदी तुडुंब. समितीने वळणावरून पाणी घेतलं, गावापाशी पाणी घेतलं, काचेच्या नळीत धरून उन्हात बघितलं. पाणी स्वच्छ. मग विश्रामगृहात वडे आले, चहा आला, आणि घारपुरे साहेबांनी माझा शिवलेला अहवाल समितीपुढे ठेवला. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. अहवाल चाळून त्यांनी विचारलं, सही कोणाची? मी म्हटलं, माझी. मग समाधान आहे ना तुमचं, त्यांनी विचारलं.

साहेब माझ्याकडे बघत होते. दाराशी धर्मा कपबशा घेऊन उभा होता.

मी म्हटलं, "नाही. अहवाल चूक आहे. आणि चूक माझी आहे."

मग सगळं सांगितलं. वही, रविवार, डबकं. साहेबांनी मध्येच सुचवलं, की बाई अलीकडे फार काम करतात. अध्यक्ष म्हणाले, समिती रविवारी येऊ शकत नाही, कार्यालय बंद असतं. मी म्हटलं, रविवारी येऊच नका. सोमवारी या. रविवारभर साचलेलं पाणी सोमवारी सकाळी वरून लोंढा आला की एकगठ्ठा पुढे ढकललं जातं. ते गावापाशी किती वाजता पोचेल ते मी तुम्हाला सांगते. तुम्ही फक्त काठावर उभे राहा. माझी वेळ चुकली, तर माझ्या अहवालाची आणि त्या पुरवणी टिपणाचीही रद्दी करा.

अध्यक्षांच्या मिशा जरा हलल्या. आयुष्यभर तज्ज्ञांचे अंदाज ऐकले, ते म्हणाले, पण घड्याळ लावून चूक ठरवायची संधी कोणी दिली नव्हती. त्यांनी दोन आठवड्यांनंतरचा सोमवार दिला. बाहेर आल्यावर साहेबांनी मला सांगितलं, की त्या सोमवारी काही आलं नाही, तर मंगळवारपासून मी ग्रंथालयात बसावं. तिथे पुस्तकांवरची धूळ कशी साठते त्याचं गणित मांडायला वाव होता.

मुंबईला कार्डं नेऊन आणायला वेळ नव्हता. जुनं हाताचं यंत्र कपाटातून काढलं, तेल घातलं आणि कर्र कर्र सुरू केलं. पण या वेळी कागदावर विसंबायची माझी छाती होईना. मधल्या दोन्ही सोमवारी सकाळी मी आणि धर्मा वळणावर गेलो. वरून लोंढा आला की धर्मा गिरणीतून आणलेला भाताचा तूस पाण्यावर टाकी, आणि आम्ही दोघं त्या तुसाबरोबर काठाने चालत असू. मी पदर खोचून, हातात घड्याळ घेऊन. कुठे पाणी धावे, कुठे एखाद्या खळग्यात गोल फिरत बसे. किती वेळ फिरलं, ते मी लिहून घेई. तीस वर्षांत मी केलेलं खरं संशोधन तेवढंच, सहा-सात तासांचं.

धर्माची आई, सखूबाई, डवऱ्यापाशी बसून हे बघत असे. सत्तरीची बाई, पाठीत वाकलेली, पण हंडा भरताना दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. पहिल्या सोमवारी तिने लेकाला विचारलं, ही बाय काय शोधते रं? धर्मा म्हणाला, पाणी कवा येतं ते बघते. ते तर मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं, ती म्हणाली, आणि पुन्हा वाटीने पाणी उपसू लागली.

तिला विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने 'बाया न्याहारी आटपून येतात तवा' असं काहीतरी सांगितलं असतं, आणि ते माझ्या आकड्याच्या फार जवळ असतं. पण समितीला घड्याळातला आकडा हवा होता. मी साडेनऊ सांगितले.

तो सोमवार आला. काठावर समिती, घारपुरे साहेब टायसकट, सावंत आपली वही घेऊन, आणि गावातली तीस-चाळीस माणसं. बायकांनी रिकामे हंडे ओळीने वाळूवर ठेवले होते. धर्माने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज डवऱ्यांतून पाणी भरू नका. सव्वानऊला पाणी चढू लागलं. दगड एकेक करून बुडाले. पाणी नितळ होतं. साडेनऊ वाजले. पाणी नितळच. अध्यक्षांनी आपलं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून बघितलं. पावणेदहा. साहेब आभाळाकडे बघून म्हणाले, की आज उकाडा फार आहे. त्या क्षणी मला ग्रंथालयाची भीती नव्हती, गावाची काळजीही नव्हती, हे कबूल करते. माझं उत्तर चुकतंय, एवढंच मला दिसत होतं. मनातल्या मनात मी त्या पाण्याला बोलावत होते. ये, ये म्हणत होते.

दहाला दहा मिनिटं असताना वरच्या खडकाआडून तांबडी जीभ दिसली. बघता बघता ती अख्ख्या पात्रभर पसरली आणि आमच्या पायांपाशी आली.

"आलं," मी ओरडले. पाहुण्यांची गाडी दिसल्यावर ओरडावं तशी. टाळीसुद्धा वाजवली असेन. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, वीस मिनिटांचा फरक. या कामात याला फरक म्हणत नाहीत. सावंतांनी वही उघडून, हयातीत पहिल्यांदाच, दिसलं ते दिसलं तेव्हा लिहिलं. साहेबांनी टायची गाठ सैल केली. हाच अंदाज मी पुढे एका परिषदेत वाचला आणि तिथेही टाळ्या पडल्या. तेव्हाही मला आनंद झाला; तो न होण्याइतका शहाणपणा मी शिकले नव्हते.

त्या दिवशी काठावर मात्र दुसऱ्या कोणी टाळी वाजवली नाही. तांबडं पाणी एकेक डवऱ्यात उतरत होतं, आणि बायका ते बघत होत्या. त्यांच्यासाठी त्यात नवीन काही नव्हतं. सखूबाई आपल्या डवऱ्यापाशी बसलेली होती, ती हात टेकून उठली आणि माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती. खरंच कळत नाही म्हणून विचारावं, तसं तिने विचारलं.

"घड्याळ बघून सांगितलंस गं बाय, कवा येनार ते. मिनिटाचं कळतं तुला. मंग पाईप घातला तवा का नाय सांगितलंस?"

मला बोलता येतं, असं सगळे म्हणतात. त्या वेळी तिला सांगण्याजोगं माझ्याकडे एकच वाक्य होतं. "मी तेव्हा कधी रविवारी नदीवर आले नव्हते, मावशी."

तिने मान डोलावली. रिकामा हंडा उचलून कमरेवर घेतला आणि वरच्या वाडीच्या विहिरीकडे निघाली. धर्मा हंडा घ्यायला पुढे झाला, तर तिने दिला नाही. पाईप गावाच्या खाली न्यायला कारखान्याने पुढे चौदा महिने लावले. तोवर ती रोज त्या विहिरीवर गेली.